कॅडेट पायलटचा अर्ज भरण्याआधी: सांगलीच्या एका वडिलांना सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगली जिल्ह्यातल्या एका गृहस्थांची मुलगी यंदा बारावी सायन्स झाली. फिजिक्स आणि मॅथ्समध्ये मार्क चांगले आहेत, डोळ्यांना चष्मा आहे. एका मोठ्या विमान कंपनीने कॅडेट पायलट प्रशिक्षणासाठी अर्ज मागवलेत आणि मुदत महिन्याभरात संपतेय. खर्च कोटीच्या घरात जातो, त्यासाठी जमीन तारण ठेवायची त्यांची तयारी आहे. त्यांचे तीन प्रश्न आहेत: अर्ज करावा का, त्यासाठी क्लास लावावा का, आणि निवड झाली म्हणजे नोकरी पक्की समजायची ना?

मी बरीच वर्षं विमान कंपनीत उडवलं, नंतर शिकवलं आणि अशा निवडींच्या पॅनलवरही बसलो. शेवटच्या प्रश्नापासूनच सुरू करतो, कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे. नाही, नोकरी पक्की नसते. निवड झाल्यावर हातात येतं ते सशर्त पत्र. ‘तुम्ही वेळेत कोर्स पूर्ण केलात, सगळ्या परीक्षा ठरलेल्या प्रयत्नांत काढलीत, मेडिकल फिट राहिलात आणि त्या वेळी कंपनीला गरज असली, तर तुम्हाला ज्युनिअर फर्स्ट ऑफिसर, म्हणजे कॅप्टनच्या शेजारचा सहवैमानिक, म्हणून घेऊ’ असा त्याचा सरळ अर्थ. या चार अटींपैकी पहिल्या तीन बऱ्याच अंशी मुलीच्या हातात आहेत. चौथी कुणाच्याच हातात नाही, आणि नेमकी तीच लोक वाचत नाहीत.

कॅडेट प्रोग्रॅम म्हणजे काय हे आधी नीट समजून घ्या. बहुतेक ठिकाणी विमान कंपनी स्वतः शिकवत नाही. ती निवड करते किंवा निवडीवर आपली मोहोर उमटवते. शिकवते ती तिच्याशी करार असलेली फ्लाइंग स्कूल, आणि पैसे तुम्ही भरता. इंडिगोचा कॅडेट प्रोग्रॅम सीएईसारख्या वैमानिक प्रशिक्षण संस्थांबरोबर बरीच वर्षं चालू आहे. आपल्या गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळावरची नॅशनल फ्लाइंग ट्रेनिंग इन्स्टिट्यूट हा सीएई आणि भारतीय विमानतळ प्राधिकरणाचा संयुक्त उपक्रम, तिथून असे कितीतरी कॅडेट बाहेर पडलेत. एअर इंडियाने 2024 मध्ये अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर स्वतःची शाळा काढायचं जाहीर केलं, वर्षाला 180 वैमानिक आणि 34 शिकाऊ विमानं अशी ती योजना. म्हणजे विदर्भातली दोन नावं तरी या क्षेत्रात आता परकी राहिलेली नाहीत. पण कंपनी कुठलीही असो, रचना साधारण हीच: कोर्सची फी तुमची, जोखीम तुमची, आणि त्या बदल्यात रांगेत पुढची जागा.

आता रांगेत पुढची जागा ही लहान गोष्ट नाही. ज्याने स्वतःच्या जोरावर सीपीएल, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाचा परवाना, काढलं, त्याला पुढे कंपनीची जाहिरात कधी निघते याची वाट बघत बसावं लागतं. दोन-दोन, तीन-तीन वर्षं थांबलेली मुलं मी पाहिली आहेत. कॅडेटला निदान एक ठरलेला रस्ता मिळतो: ग्राउंड स्कूल, उड्डाण, टाइप रेटिंग (म्हणजे एका ठरावीक जातीचं विमान उडवायची पात्रता) आणि मग कंपनीचं दार. या रस्त्याचेच तुम्ही जास्तीचे पैसे मोजता. स्वतंत्रपणे सीपीएल करायला भारतात आज साधारण 45 ते 60 लाख लागतात, वर टाइप रेटिंगचे 12 ते 20 लाख. कॅडेटचा आकडा कोटीच्या आसपास जातो आणि शाळा परदेशातली असेल तर त्याहून वर. मधला फरक कशाचा आहे हे ज्याला कळलं, त्याला पुढचं सगळं सोपं जातं.

पण अर्ज भरण्याच्या आधी मेडिकल. हे मी दरवेळी सांगतो आणि दरवेळी लोक उलटं करतात. निवड परीक्षेची तयारी सहा महिने करतात आणि डॉक्टरकडे शेवटी जातात. डीजीसीएचं, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचं, मेडिकल दोन टप्प्यांत असतं. पहिलं क्लास टू: डीजीसीएच्या यादीतले डॉक्टर ते करतात, पुण्या-मुंबईत असे बरेच आहेत. अर्ज डीजीसीएच्या ईजीसीए या ऑनलाइन पोर्टलवरून होतो. त्यानंतर मेडिकलचा फाइल नंबर मिळतो आणि मग क्लास वन, जे सीपीएलसाठी लागतंच लागतं. क्लास वन डीजीसीएने मान्यता दिलेल्या केंद्रांत होतं, त्यांत हवाई दलाचीही आहेत. बेंगळुरूची इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिन आणि दिल्लीचं सेंट्रल मेडिकल एस्टॅब्लिशमेंट ही त्यांतली जुनी नावं. छातीचा एक्स-रे, ईसीजी, रक्त-लघवी, पोटाची सोनोग्राफी, कानाची ऑडिओमेट्री, डोळ्यांची सविस्तर तपासणी हे सगळं त्यात येतं.

चष्म्याची काळजी करू नका. चष्मा आहे म्हणून कुणी नाकारत नाही, चष्मा लावून दोन्ही डोळ्यांनी नीट 6/6 दिसलं पाहिजे. उडताना जास्तीचा एक चष्मा जवळ ठेवायचा, एवढंच. नंबर दरवर्षी वाढत असेल तर मात्र डोळ्यांच्या पडद्याची तपासणी आधीच करून घ्या. आणि कुणीतरी सांगितलं म्हणून घाईघाईने लेझर करून टाकू नका. शस्त्रक्रियेसाठी वयाच्या आणि किती काळ थांबायचं याच्या अटी आहेत, त्या डीजीसीएच्या डॉक्टरला विचारूनच पाऊल उचला. चष्म्यापेक्षा मला धास्ती असते ती रंगांधळेपणाची. ठिपक्यांतले आकडे ओळखायची ती इशिहाराची पुस्तिका तुमच्या सांगलीतल्या कुठल्याही नेत्रतज्ज्ञाकडे असते. पाच मिनिटं लागतात. ती आजच करून घ्या. मुलांमध्ये हा दोष मुलींपेक्षा खूप जास्त आढळतो, तरी गृहीत धरू नका. मुलींच्या बाबतीत नेहमी आडवं येतं ते हिमोग्लोबिन. त्याने कायमचं अनफिट होत नाही, ‘तात्पुरतं अनफिट’ असा शिक्का बसतो आणि दोन-तीन महिने वाया जातात. भरतीची मुदत तोवर निघून जाते.

मेडिकलबरोबर कागदपत्रं. इथे महाराष्ट्र बोर्डाच्या मुलांची एक खास अडचण आहे, म्हणून जरा थांबतो. आपल्या दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव, सगळं सलग छापलेलं असतं. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात जातं. आधारवर कुणीतरी वडिलांचं नाव गाळलेलं असतं, किंवा स्पेलिंगमध्ये एक ‘ए’ जास्त पडलेला असतो. डीजीसीएचा कॉम्प्युटर नंबर काढताना, म्हणजे डीजीसीएच्या परीक्षांना बसण्यासाठीची नोंदणी करताना, गुणपत्रिकांची मंडळाकडून पडताळणी लागते. तुमच्यासाठी ते कोल्हापूर विभागीय मंडळ. नावात फरक असेल तर इथेच फाइल अडकते, आणि राजपत्रात नावबदल करायचा म्हटलं की आणखी काही आठवडे जातात. तेव्हा अर्जाच्या फॉर्ममध्ये मुलीचं नाव जसं लिहाल तसंच गुणपत्रिका, आधार, पासपोर्ट, पॅन या चारही ठिकाणी आहे ना, हे टेबलावर चारही कागद शेजारी-शेजारी ठेवून अक्षर-अक्षर बघा.

पात्रतेबद्दल फार लिहीत नाही. जाहिरातीत सगळं असतं. बारावीला फिजिक्स-मॅथ्स, प्रत्येक विषयात ठरावीक टक्के, इंग्रजी, वय साधारण 18 ते तिशीच्या आसपास, भारतीय पासपोर्ट. कंपनीगणिक टक्क्यांचा आकडा बदलतो आणि दर भरतीत बदलू शकतो. मागच्या वर्षी अमुक होतं असं यूट्यूबवर ऐकून अर्ज करू नका, या वर्षीची जाहिरात वाचा.

निवड परीक्षेकडे येऊ. तिचे ढोबळमानाने तीन भाग असतात: लेखी किंवा ऑनलाइन चाचणी, अ‍ॅप्टिट्यूड चाचणी आणि मुलाखत, त्यातच कधी गटचर्चा. लेखीत गणित आणि फिजिक्स बारावीचंच असतं, पण वेळ कमी असतो. तोंडी हिशेब जमला पाहिजे. 480 नॉट्सने, म्हणजे ताशी 480 सागरी मैलांनी, जाणारं विमान 20 मिनिटांत किती सागरी मैल कापेल? मिनिटाला आठ, म्हणजे 160. हे कागद-पेन्सिलशिवाय तीन सेकंदांत आलं पाहिजे. 36 हजार फुटांवरून उतरायला साधारण किती अंतर लागेल? हजारांना तीनने गुणा: 108 सागरी मैल. असे हिशेब कॉकपिटमध्ये रोज होतात, म्हणून तिथे विचारतात. मुलीला रोज अर्धा तास पाढे, टक्केवारी, वेळ-वेग-अंतर करू द्या. जेईईच्या क्लासात शिकलेलं अवघड कॅल्क्युलस इथे कामाचं नाही.

अ‍ॅप्टिट्यूड चाचणी वेगळीच असते. कॉम्पास, अ‍ॅडाप्ट, कट-ई अशी नावं तुमच्या कानावर येतील. संगणकासमोर जॉयस्टिक असते, कधी पायाला पेडल. पडद्यावर एक ठिपका सतत भरकटतो आणि तो मध्यावर धरून ठेवायचा असतो. त्याच वेळी कानातल्या हेडफोनमधून आकडे येतात, ठरावीक आकडा ऐकला की बटण दाबायचं. आणि कोपऱ्यात कधीतरी एक गणित चमकून जातं. पहिल्यांदा पाहिलं की घाम फुटतो. हुशार मुलं इथे हमखास एक गोष्ट करतात: गणित बरोबर यावं म्हणून ठिपका सोडून देतात. अभ्यासाची सवयच तशी लागलेली असते, उत्तर चुकलं नाही पाहिजे. पण ही चाचणी पाहते ती प्राधान्यक्रम. विमान हातात आहे, ते आधी सांभाळ. मग कुठे जायचंय ते बघ. बोलणं त्यानंतर. इंग्रजीत वैमानिकांना हे तीन शब्दांत घोकवलं जातं: एव्हिएट, नेव्हिगेट, कम्युनिकेट. एखादं गणित हुकलं तरी चालतं, ठिपका कडेला गेला की गुण झपाट्याने घसरतात. सरावाने इथे सुधारणा होते, पण एका मर्यादेपर्यंत. साधी जॉयस्टिक आणि सरावाचं सॉफ्टवेअर घेऊन घरी महिनाभर रोज केलं तरी पुरतं.

म्हणून क्लासच्या प्रश्नाचं उत्तर: लावला तर बिघडत नाही, पण त्यासाठी लाख-दोन लाख द्यायची गरज मला वाटत नाही. निवडीची हमी देणारा क्लास दिसला तर तिथूनच परत फिरा. अशी हमी कुणीही देऊ शकत नाही. आणि ‘आमची कंपनीत ओळख आहे’ म्हणणारा भेटला, तर पैसे देणं सोडाच, त्याचा फोनही उचलू नका.

मुलाखतीबद्दल मात्र जरा सविस्तर सांगतो, कारण आपल्याकडची मुलं तिथे नाहक मार खातात. पॅनलवर साधारण एक-दोन कॅप्टन, कंपनीच्या एचआरचं कुणी आणि बऱ्याचदा मानसशास्त्रज्ञ असतो. एकदा एका मुलाने विमान कसं उडतं हे बर्नुलीच्या सिद्धांतासकट पाठ म्हणून दाखवलं. अगदी स्वल्पविरामासकट. मी विचारलं, मे महिन्यात नागपूरला दुपारी 45 डिग्री असताना तेच विमान, तेवढेच प्रवासी घेऊन, जानेवारीपेक्षा जास्त धावपट्टी का मागतं? तो गप्प. तो हुशार होता, पण हा विचार त्याने कधी केलाच नव्हता. गरम हवा विरळ असते, पंखांनाही आणि इंजिनालाही कमी हवा मिळते, म्हणून हवा तो वेग गाठायला लांब पळावं लागतं. तेच लेहला, साडेदहा हजार फुटांवर, थंडीतही होतं. एवढं त्याला स्वतःच्या शब्दांत सांगता आलं असतं तर पुढचे चार प्रश्न मी विचारलेच नसते. पाठांतर कितीही चोख असलं तरी दुसऱ्या प्रश्नाला ते उघडं पडतं.

मग येतात माणसाबद्दलचे प्रश्न. ‘कॅप्टन चुकतोय असं तुला दिसलं तर काय करशील?’ आपल्या घरात वाढलेलं मूल पटकन म्हणतं, ‘सर मोठे आहेत, त्यांना अनुभव आहे, मी त्यांचं ऐकेन.’ घरी हे संस्कार. कॉकपिटमध्ये हा धोका, आणि पॅनल तेच शोधत असतं. फर्स्ट ऑफिसरने आदराने पण स्पष्ट बोलायलाच हवं, ऐकलं नाही तर पुन्हा बोलायला हवं. उड्डाणाच्या इतिहासात ज्युनिअर गप्प राहिल्यामुळे घडलेले अपघात आहेत. 1977 मध्ये टेनेरिफला दोन जंबो जेट धावपट्टीवर आदळून 583 माणसं गेली, त्यातही वरिष्ठ कॅप्टनला ठामपणे अडवलं न जाणं हा एक धागा होता. त्यानंतरच क्रू रिसोर्स मॅनेजमेंट नावाचा विषय उभा राहिला आणि आज प्रत्येक वैमानिकाला तो शिकावा लागतो. मुलीला या एका अपघाताबद्दल नीट वाचायला सांगा. मुलाखतीतली अर्धी तयारी तिथे होईल.

इंग्रजीचं काय, हा प्रश्न मराठी माध्यमाच्या पालकांच्या मनात असतोच, विचारायला ते कचरतात. परवान्यासाठी आंतरराष्ट्रीय मापाने किमान चौथी पातळी लागते, म्हणजे उच्चार कुठल्याही गावचा चालतो, समोरच्याला अर्थ चटकन कळला पाहिजे. सांगलीचा हेल आहे म्हणून कुणी मार्क कापत नाही. अडचण होते ती वाक्य सुरू करून मध्येच अडकण्याची. रोज वीस मिनिटं मोठ्याने बोलायचं. पाहिलेली बातमी, वाचलेला धडा, आज दिवसभरात काय झालं, काहीही. सहा महिन्यांत फरक दिसतो. महिन्याभरात थोडा दिसेल, पण दिसेल.

मुलगी आहे म्हणून वेगळी काळजी करावी का, हे तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगून टाकतो. महिला वैमानिकांचं प्रमाण भारतात जगाच्या सरासरीपेक्षा बरंच जास्त आहे. पॅनलवर मुलगा-मुलगी असा फरक मी कधी होताना पाहिला नाही. वसतिगृह, रात्रीच्या उड्डाणानंतरची वाहतूक, तक्रार कुणाकडे करायची, एवढं शाळेला भेट द्याल तेव्हा विचारा.

आता सगळ्यात महत्त्वाचं: करार. निवड झाली की घरात पेढे वाटले जातात आणि पुढच्या पंधरा दिवसांत पहिला हप्ता भरायचा असतो. त्या पंधरा दिवसांत करार कुणी वाचत नाही. तुम्ही तो वकिलाकडून वाचून घ्या. सांगलीतल्या कुठल्याही दिवाणी वकिलाला जमेल, विमानातलं कळायची गरज नाही. त्याला एवढंच विचारा: करारावर सही कुणाची, विमान कंपनीची की फक्त शाळेची? शाळेचीच असेल तर कंपनीचं सशर्त पत्र वेगळं आहे का आणि त्यात ‘कंपनीच्या गरजेनुसार’ हे शब्द आहेत का? असतीलच. मुलगी मधेच मेडिकल अनफिट झाली तर किती पैसे परत? ठरलेल्या प्रयत्नांत एखादा पेपर निघाला नाही तर काढून टाकतात का, आणि तेव्हा परतावा काय? शाळेमुळे उशीर झाला तर भुर्दंड कुणावर? टाइप रेटिंग फीमध्ये धरलंय की वेगळं? नोकरी लागली तर किती वर्षांचा बाँड, आणि तो मोडला तर रक्कम किती? शाळा परदेशात असेल तर फी कुठल्या चलनात? युरोत किंवा डॉलरमध्ये असेल तर रुपया घसरला की तुमचा हप्ता वाढतो, आणि ही वाढ बँकेच्या मंजूर कर्जात धरलेली नसते. परदेशी परवाना नंतर भारतीय करून घ्यावा लागतो, त्याचा खर्च कुणाचा? फीवर जीएसटी कशावर लागतो, कशावर नाही, हेही लेखी घ्या.

आणखी एक. पैसे टप्प्यांनी द्यायचे असतील तर ते टप्पे तारखांना बांधलेत की प्रगतीला, हे बघा. ‘चौथ्या महिन्यात तिसरा हप्ता’ आणि ‘50 तास उड्डाण झाल्यावर तिसरा हप्ता’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात विमान जमिनीवर उभं असलं तरी तुम्ही पैसे भरता. शाळा बंद पडली किंवा विमान कंपनी बुडाली, तर ज्यांनी तारखांवर पैसे भरले ते सगळ्यात जास्त अडकतात. कंपन्या बुडत नाहीत असं समजू नका. किंगफिशर 2012 मध्ये थांबली, जेट एअरवेज एप्रिल 2019 मध्ये, गो फर्स्ट मे 2023 मध्ये. जेटसारख्या कंपनीचं नाव एकेकाळी भारतात सगळ्यात भारदस्त होतं.

‘पण आता तर वैमानिकांची टंचाई आहे ना?’ असं सगळे म्हणतात. फेब्रुवारी 2023 मध्ये एअर इंडियाने 470 विमानांची ऑर्डर दिली, जूनमध्ये इंडिगोने 500. हे खरं आहे. पण टंचाई आहे ती मुख्यतः कॅप्टनची. कॅप्टन व्हायला एटीपीएल हा सीपीएलच्या वरचा परवाना लागतो, त्याला किमान 1500 तासांचा अनुभव आणि वर कंपनीची पसंती. नुकतं सीपीएल झालेले 200 तासांचे वैमानिक भारतात पुष्कळ आहेत आणि त्यांतले कितीतरी घरी बसलेत. त्यात ऑर्डर केलेली विमानं दहा-बारा वर्षांत येत राहतात, आणि आलेली विमानंही इंजिनांच्या अडचणींमुळे महिनोन्महिने उभी राहिल्याचं आपण गेल्या काही वर्षांत पाहिलंय. तुमच्या मुलीची बॅच बाहेर पडेल त्या महिन्यात भरती चालू असेल का, हे आज कुणी सांगू शकत नाही. म्हणून तो धक्का झेलण्याइतपत पैसा आणि वेळ हाताशी ठेवून आत शिरायचं.

शाळेला भेट द्याच, आणि सकाळी सातला जा. चांगल्या शाळेत त्या वेळी उड्डाणपट्टीशेजारी गडबड असते, कारण उन्हाळ्यात दहानंतर हवा उसळायला लागते आणि शिकाऊ मुलांना सकाळचीच वेळ बरी. किती विमानं उभी आहेत आणि त्यांतली किती खरंच उडतायत, ते मोजा. हँगरमध्ये इंजिनावरचं झाकण काढून, धूळ खात पडलेली किती आहेत, तेही मोजा. मग ऑफिसात न जाता कँटीनमध्ये जा आणि तिसऱ्या टप्प्यातल्या मुलांना विचारा: गेल्या महिन्यात किती तास उडालास? उत्तर दहाच्या खाली आलं तर 200 तास कधी होणार याचा हिशेब तुम्हीच करा. पावसाळ्यात महाराष्ट्रात आणि मध्य भारतात, डिसेंबर-जानेवारीत धुक्यामुळे उत्तरेत, तास कमी होतात हे धरून चाला. पण बारमाही तास कमी असतील तर ते हवामान नाही, इन्स्ट्रक्टर आणि विमानं कमी आहेत. डीजीसीए ऑक्टोबर 2025 पासून फ्लाइंग स्कूलना श्रेणी देते. पहिल्या यादीत सगळ्यात वरच्या दोन श्रेणींत एकही शाळा बसली नाही, यावरून काय ते समजा. ती यादी बघा, पण कँटीनमधलं उत्तर मला जास्त भरवशाचं वाटतं.

जमिनीचं तारण. इथे तुमचा बेत कदाचित मुळातच अडेल. शैक्षणिक कर्जासाठी बँका सहसा शेतजमीन तारण घेत नाहीत, कारण थकबाकी झाली तर ज्या सरफेसी कायद्याने त्या मालमत्ता ताब्यात घेतात, तो शेतजमिनीला लागू होत नाही. त्यांना बिगरशेती प्लॉट, घर, फ्लॅट किंवा ठेव लागते. विनातारण कर्ज बहुतेक सरकारी बँकांत साडेसात लाखांपर्यंतच, तेवढ्यात इथे काही होत नाही. आधी बँकेकडून काय मिळतंय ते लेखी घ्या, मग अर्जाचा विचार करा. आणि हप्त्याचा आकडा डोळ्यांसमोर ठेवा: 80 लाख, साडेदहा टक्के व्याज, 12 वर्षं, तर महिन्याला साधारण 98 हजार. शिक्षणाच्या काळातलं व्याज मुद्दलात चढलं तर लाखाच्या वर. नव्या फर्स्ट ऑफिसरला तो झेपतो, पण कंपनीत पहिले महिने प्रशिक्षणात जातात आणि तेव्हा पूर्ण पगार नसतो. ते महिने घरून भरायची सोय हवी. ती नसेल तर माझं मत स्पष्ट आहे: या वर्षी अर्ज करू नका.

त्याऐवजी काय? रायबरेलीजवळच्या फुरसतगंजची इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमी सरकारी आहे. तिची स्वतंत्र प्रवेश परीक्षा असते आणि खर्च कॅडेटच्या निम्म्याच्या आसपास जातो. तिथून झालेल्यांना विमान कंपन्यांत मान आहे. मुलीने ती परीक्षा कॅडेटच्या बरोबरीने द्यावी, दोन्हींचा अभ्यास एकच. बारामती, धुळे इथेही शाळा आहेत. धुळ्याला बॉम्बे फ्लाइंग क्लब उडवतो, 1928 मध्ये जुहूला सुरू झालेला तोच. या शाळांतून सीपीएल करून मग कंपन्यांच्या भरतीला बसायचं. रस्ता लांब, पण पैसे थोडे-थोडे लागतात आणि मध्ये थांबता येतं. कॅडेटमध्ये मध्ये थांबता येत नाही.

एक पदवीही दूरस्थ पद्धतीने चालू ठेवा, बीएस्सी असो वा बीकॉम. मेडिकल कधी, कशाने जाईल सांगता येत नाही. बारावीवर परवाना मिळतो हे खरं, पण परवाना गेला तर बारावीवर दुसरी नोकरी मिळत नाही.

तुमच्याकडे महिना आहे. या आठवड्यात इशिहारा आणि हिमोग्लोबिन, पुढच्या आठवड्यात क्लास टूची वेळ घेऊन पुणे, त्याच्या मधे बँक. चार कागद टेबलावर ठेवून नाव तपासायचं काम आज रात्रीच करा. क्लास टूमध्ये काही निघालं नाही आणि बँकेने लेखी आकडा दिला, तर अर्ज भरा, अर्जाची फी ही यात सगळ्यात स्वस्त गोष्ट आहे. आणि निवड झाली तर पहिला हप्ता भरायच्या आधी तो करार वकिलाकडे न्या. ‘कंपनीच्या गरजेनुसार’ हे शब्द कुठल्या पानावर आहेत तेवढं आधी शोधायला सांगा.